दीर्घ खंडानंतर रोड सायकलकडे परतताना: गोव्यातील सायकलस्वारांसाठी मार्गदर्शन

गोव्यात रोड सायकलिंग पुन्हा सुरू करण्याचा विचार बहुतेकांच्या मनात पाऊस सरल्यावर येतो आणि ऑक्टोबर हा त्यासाठी योग्य महिनाही आहे. रस्ते कोरडे होऊ लागतात, सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो आणि मार्चचा उकाडा सुरू होण्यापूर्वी चार-पाच महिने हाताशी असतात. मात्र तयारीला सप्टेंबरातच लागावे, कारण काही वर्षे भिंतीला टेकून उभी असलेली सायकल रस्त्यावर आणण्याजोगी करण्यातच दोन-तीन आठवडे जातात. पूर्वी नियमित सायकल चालवलेल्या, पुढे काही वर्षे थांबलेल्या आणि आता परतू पाहणाऱ्या व्यक्तींसाठी हा लेख लिहिला आहे. ज्यांनी रोड सायकल आजवर चालवलीच नाही, त्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

परतणाऱ्याची अडचण नवशिक्याहून वेगळी असते. नवशिक्याला आपली गती ठाऊक नसते, तर परतणाऱ्याला जुनी गती नको तितकी चांगली आठवते. व्यायाम थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण आणि हृदयाची क्षमता घटू लागते. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर हीच गोष्ट तुलनेने लवकर भरून येते. त्यामुळे महिनाभरात दम लागणे कमी होते आणि आपण पूर्ववत झालो असे वाटू लागते. परंतु गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध, टाचेमागची शीर, मान आणि सॅडलवर टेकणारी बैठकीची हाडे यांना सवय होण्यास कित्येक महिने लागतात. दम परत आला आणि सांधे तयार नाहीत, अशा मधल्या काळातच दुखापती होतात. म्हणून सुरुवातीचे वेळापत्रक शरीराच्या सर्वांत सावकाश सावरणाऱ्या भागाकडे पाहून आखावे.

ज्यांचे वय चाळिशीपलीकडे आहे, ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, जे धूम्रपान करतात अथवा ज्यांच्या कुटुंबात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सायकल चालवताना छातीत दडपण येणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. थकव्यामुळे होत असेल असे स्वतःच ठरवू नये.

पहिली पायरी: सायकल

किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत न वापरलेली सायकल वापरातल्या सायकलीपेक्षा अधिक खराब होते. वरवर पुसून, हवा भरून निघणे धोक्याचे आहे.

सर्वप्रथम सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते तिचा, बोल्ट सैल करून पोस्ट हलते का ते पाहावे. स्टील किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर मिठाच्या ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये, किंवा धातू आणि कार्बनमध्ये, रासायनिक क्रिया होऊन ती जागीच घट्ट बसते. हलत नसल्यास जोर लावून फ्रेम बिघडवण्यापेक्षा ती कसबी मेकॅनिककडे न्यावी. हलत असल्यास पूर्ण काढून, पुसून, धातूच्या फ्रेमसाठी ग्रीस आणि कार्बनसाठी कार्बन पेस्ट लावून परत बसवावी. सीटची उंची बदलण्याची गरज पुढे लागणारच आहे, म्हणून हे काम टाळू नये.

त्यानंतर हँडलवरची टेप उलगडावी. हा सल्ला अनेकांना अतिरेकी वाटतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टेपखाली मुरलेल्या घामातील मिठामुळे अॅल्युमिनियमचे हँडल कुरतडले जाते आणि पांढरी भुकटी अथवा खड्डे पडलेले हँडल उतारावर ब्रेक दाबतानाच मोडू शकते. खड्डे दिसल्यास हँडल बदलावे. टेप तर तशीही नवी लागेल.

टायर बाहेरून शाबूत दिसले तरी रबर कालांतराने कडक होते. टायर बोटांत पिळून बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसतात का ते पाहावे आणि दिसल्यास दोन्ही टायर व ट्यूब बदलाव्यात. ट्यूबलेस टायर असल्यास आतला सीलंट काही महिन्यांतच वाळतो, म्हणून तो नव्याने भरावा लागेल. नवे टायर घेताना रुंदीचा पुनर्विचार करावा. पूर्वी २३ मिलिमीटरचे अरुंद टायर १०० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) वर फुगवून चालवण्याची पद्धत होती. आज २८ मिलिमीटर सर्वसाधारण मानले जातात आणि गोव्यातील ठिगळांच्या रस्त्यांवर ते निःसंशय अधिक सोयीचे आहेत. जुन्या रिम-ब्रेकच्या फ्रेममध्ये २८ मिलिमीटर बसतीलच असे नाही, म्हणून ब्रेक आणि फ्रेममधील जागा मोजूनच खरेदी करावी. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय आणि २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० ते ९० पीएसआय इतकी हवा भरून सुरुवात करावी आणि पुढच्या चाकात किंचित कमी ठेवावी. हवेचा दाब दाखवणारा फ्लोअर पंप घरी असणे आवश्यक आहे. रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर पेट्रोल पंपाची नळी अॅडॅप्टरशिवाय बसत नाही आणि रोज निघण्यापूर्वी दोन मिनिटे हवा तपासण्याची सवय पंक्चरही कमी करते.

चेन मोजण्यासाठी साधी इंचपट्टी पुरते. चेनच्या बारा पूर्ण कड्या, म्हणजे आतली आणि बाहेरची मिळून एक अशा बारा, नव्या अवस्थेत बरोबर १२ इंच भरतात. एका पिनच्या मध्यापासून मोजताना हे अंतर एक सोळांश इंचाने, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरने वाढलेले आढळले, तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंचाने वाढलेले असेल, तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) झिजलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रेक आणि गिअरच्या तारा त्यांच्या आवरणांसह सरसकट नव्या घालाव्यात. त्यांचा खर्च कमी असतो आणि आवरणाच्या आतला गंज बाहेरून दिसत नाही. रिम-ब्रेकचे पॅड कडक होऊन चकाकू लागले असतील, तर पॉलिश पेपरने घासून पाहावेत आणि तरीही पकड येत नसल्यास बदलावेत. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये कोणते द्रव लागते ते आधी पाहावे, कारण डीओटी द्रव आणि मिनरल ऑइल एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. चुकीच्या द्रवाने आतली रबरी सील खराब होतात.

जुन्या सायकलचे गिअरही तपासून घ्यावेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनेक रोड सायकलींना पुढे ५३ व ३९ दात आणि मागे सर्वांत मोठे चक्र २५ दातांचे असे. तरुणपणी हे गिअर चालून जात. परतणाऱ्याला मात्र पर्वरीच्या चढणीवरच त्यांचा त्रास होतो. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) झेपत असेल तर २८ किंवा अधिक दातांची कॅसेट लावून घ्यावी. पुढे ५० व ३४ दातांचा कॉम्पॅक्ट क्रँक बसवता आल्यास अधिक उत्तम. गुडघ्यांसाठी करण्याजोगी यापेक्षा चांगली गुंतवणूक दुसरी नाही.

हेल्मेट पाच वर्षांहून जुने किंवा एकदाही आपटलेले असेल, तर नवे घ्यावे. सायकलिंगच्या बुटांचे तळवे हाताने वाकवून पाहावेत. दमट हवेत पडून राहिलेल्या पॉलियुरेथेनच्या तळव्यांचे तुकडे पडतात आणि ते नेमके पहिल्या राईडमध्ये सुटून येतात.

दुसरी पायरी: बैठक

पूर्वीची मापे लिहून ठेवलेली असली तरी ती तशीच लागू पडतील असे समजू नये, कारण मधल्या काळात कंबर आणि मांड्यांमागचे स्नायू आखडलेले असतात. सीटची उंची काढण्याची सोपी पद्धत अशी: अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पुस्तकाची कड जांघेत घट्ट वर दाबून जमिनीपासून तिची उंची मोजावी आणि त्या मापाला ०.८८३ ने गुणावे. हे माप ८० सेंटिमीटर असेल, तर क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत सुमारे ७०.६ सेंटिमीटर अंतर येते. सुरुवातीला त्याहून तीन-चार मिलिमीटर खाली ठेवल्यास बिघडत नाही. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर सीट बहुधा खूप खाली असते आणि मागच्या बाजूस दुखत असेल तर खूप वर. दोन्ही परिस्थितींत बदल एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा अधिक करू नये.

हँडल स्पेसर (खाली घालायच्या कड्या) लावून किंवा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा भाग) उलटे बसवून उंच करावे. सॅडल आणि हँडल एकाच पातळीवर असणे पहिल्या तीन महिन्यांत मुळीच कमीपणाचे नाही, जरी जुने सवंगडी त्यावरून चेष्टा करणार हे गृहीत धरावे. पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नये. घामाने ओल्या झालेल्या शिवणी त्वचेला घासतात आणि गोव्याच्या दमट हवेत त्या जखमा बऱ्या होण्यास वेळ लागतो. क्लीटचे (बुटाच्या तळाशी लावलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीचे) पेडल वापरत असल्यास घराच्या अंगणात भिंतीला धरून दोन्ही पाय अडकवण्याचा आणि सोडवण्याचा सराव करावा. पहिला महिना साध्या पेडलवर काढला तरी चालेल.

तिसरी पायरी: पहिले आठ आठवडे

राईड किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावी. किलोमीटरचा आकडा दिसला की जुन्या सरासरी वेगाशी तुलना सुरू होते. घड्याळाला जुने काहीच आठवत नाही. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती देऊन, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटे सपाट रस्त्यावर चालवावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४५ ते ६० मिनिटांपर्यंत जावे. पाचव्या आठवड्यापासून एक राईड दीड तासाची करावी आणि बाकीच्या दोन आधीइतक्याच ठेवाव्यात. त्यानंतर आठवड्याच्या एकूण वेळात साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नये. दर चौथ्या आठवड्यात वेळ मुद्दाम कमी करावा.

या काळातील तीव्रतेची कसोटी बोलण्याची आहे. शेजारच्या सायकलस्वाराशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, तर गती योग्य आहे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर ती कमी करावी. गिअर हलका ठेवून मिनिटाला ८० ते ९० वेळा पाय फिरवावेत. जड गिअर सावकाश रेटत राहणे हेच परतणाऱ्यांच्या गुडघेदुखीचे प्रमुख कारण असते, आणि ज्यांचे पाय मूळचे बळकट आहेत त्यांच्यात ही सवय अधिक आढळते. स्प्रिंट, चढणीवर उभे राहून मारलेले जोर आणि वेगवान गटाच्या मागे लागणे हे सर्व आठ आठवड्यांनंतरसाठी राखून ठेवावे.

मार्गांची निवड गोव्यात सोपी आहे, कारण सपाट आणि शांत रस्ते नदीकाठी पुष्कळ आहेत. पणजीतील व्यक्तीने पहिले काही दिवस मिरामार ते दोना पावला या रस्त्यावर, पहाटे, फेऱ्या माराव्यात आणि दोना पावलाच्या चढणीआधीच वळावे. त्यानंतर पणजी ते जुने गोवे हा मांडवीच्या काठाचा सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता घ्यावा. इ. स. १६३० च्या दशकात बांधलेला रायबंदरचा कॉजवे अरुंद असल्यामुळे कार्यालयांच्या वेळेपूर्वीच ओलांडलेला बरा. जुन्या गोव्यातून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेल्यास वाहने फार कमी असलेले, शेतांमधून जाणारे रस्ते मिळतात आणि पिएदाद येथील टेकडीवरच्या चर्चपर्यंतची छोटी चढण ही सहाव्या-सातव्या आठवड्यातील पहिल्या चढणीसाठी योग्य लांबीची आहे. रायबंदरहूनच फेरीने जाता येणारे चोडण बेटही तितकेच सोयीचे आहे. फेरीत चढताना आणि उतरताना मात्र सायकलवरून उतरून चालावे. रॅम्पची लोखंडी पट्टी ओली असते, क्लीटचे बूट त्यावर हमखास घसरतात आणि मागून मोटारसायकली घाईने सुटतात.

सासष्टीत राहणाऱ्यांसाठी कोलवा, बाणावली, वार्का, केळशी आणि मोबोर हा किनाऱ्याला समांतर रस्ता जवळपास पूर्ण सपाट आहे. फोंड्यात राहणाऱ्यांना सपाट रस्ता फारसा मिळत नाही. त्यांनी पहिले आठवडे अंत्रुजातील चढउतार टाळण्यासाठी सायकल गाडीत घालून सपाट भागात नेली तरी त्यात गैर नाही. सांगे, कुडचडे, उसगाव आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिजवाहू ट्रक सुरू असतील त्या काळात त्यांच्या मार्गांवर जाऊ नये.

चौथी पायरी: रस्त्यावरचे भान

गोव्यात पहाटे सायकलवर नियमाने दिसणारा माणूस म्हणजे पोदेर. तो ज्या वेळी आणि ज्या वाड्यांतल्या रस्त्यांनी पाव घेऊन फिरतो, तीच वेळ आणि तेच रस्ते परतणाऱ्याने निवडावेत, कारण त्या वेळी त्या रस्त्यांवर सायकल असणार याची वाहनचालकांना सवय असते. गावांतील रस्ते अरुंद असून वळणांवर चिऱ्यांच्या उंच भिंती असल्यामुळे समोरचे वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा वळणावर वेग कमी करून घंटी वाजवावी आणि डावीकडे राहावे, मात्र भिंतीला चिकटून जाऊ नये. भिंतीपासून एक हात अंतर राखल्यास आपण लवकर दिसतो आणि गटाराच्या जाळीत चाक अडकण्याचा धोकाही टळतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्यांना विशेष अंतर द्यावे, कारण त्यांचा चालक बहुधा पाहुणा असतो आणि त्याचे लक्ष रस्त्यापेक्षा मोबाइलच्या नकाशाकडे जास्त असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही गावांत भात वाळवण्यासाठी रस्त्याच्या कडेला पसरलेले असते. ते टाळण्यासाठी अचानक रस्त्याच्या मध्यात येऊ नये, आधी मागे पाहून हात दाखवावा.

पत्रादेवी ते पोळे असा गोव्याच्या उत्तर-दक्षिण टोकांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पहिल्या दोन महिन्यांत टाळावा. मांडवीवर जानेवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे पर्वरीकडे जायचे असल्यास जुन्या पुलानेच जावे लागते आणि तिथली वाहतूक पहाटेच तेवढी सुसह्य असते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून सहाला निघणाऱ्याने पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावणे अनिवार्य समजावे. संध्याकाळी निघायचे असल्यास समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा विचार करावा. जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्यासोबत असा मार्ग ठेवल्यास थकलेल्या पायांना परतीची वाट सोपी जाते.

पाणी आणि खाणे

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्यास वेळ लागतो आणि पाणी मात्र तितकेच जाते. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे. तासाभराहून लांब राईडसाठी एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण आहे, आणि येथे चमचा म्हणजे चहाचा. रक्तदाबाचे औषध घेणाऱ्यांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे. दीड तासाच्या राईडमध्ये एखादे केळे पुरते. परतल्यावर पेज किंवा पाव-भाजी पोटभर खावी, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर मिर्ची भजी खाण्याची प्रथा निदान पहिल्या महिन्यात आवरती घ्यावी.

चढण, मोठी अंतरे आणि पाऊस

आठ आठवड्यांनंतर, गुडघे कुरकुरत नसतील तर, आठवड्यातून एकदा चढण घ्यावी. पणजीत आल्तिनो आणि फोंड्याजवळ फर्मागुडी या छोट्या चढणी बसूनच, हलक्या गिअरमध्ये, सलग न थांबता चढता येऊ लागल्या की लांब चढणींचा विचार करावा. साखळीहून केरीमार्गे जाणारा चोर्ला घाट आणि मोलेहून वर जाणारा अनमोड घाट ही गोव्यातील सायकलस्वारांची आवडती ठिकाणे आहेत, परंतु चौथ्या-पाचव्या महिन्यापूर्वी तेथे जाऊ नये. घाटात चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते: वळणापूर्वी ब्रेक मारून वळणात सोडावा, सतत ब्रेक धरून ठेवू नये, कारण रिम आणि डिस्क दोन्ही तापतात.

डोळ्यासमोर काही लक्ष्य हवे असेल, तर २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, हे योग्य लक्ष्य आहे. तिची मुदत साडेतेरा तासांची असते, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते आणि ऑक्टोबरात सुरुवात केलेली व्यक्ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत सबुरीने तिथे पोहोचू शकते. २०१९ पासून गोव्यात होत आलेल्या आयर्नमन ७०.३ स्पर्धेतील ९० किलोमीटरची सायकल अंतराने कमी असली, तरी तिच्या आधी १.९ किलोमीटर पोहणे आणि नंतर २१.१ किलोमीटर धावणे असते. पहिल्याच वर्षी तिच्यासाठी नाव नोंदवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत थांबावे की चालवावे, याबाबत मतभेद आहेत. सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ येते, खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि लाल माती चेनमध्ये जाऊन ती झपाट्याने झिजवते. तरीही चार महिने पूर्ण थांबल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून आठवड्यातून दोनदा घरी ट्रेनरवर (सायकल जागीच चालवता येणाऱ्या स्टँडवर) आणि पाऊस उघडलेल्या सकाळी मडगार्ड लावून ओळखीच्या सपाट रस्त्यावर चालवणे हा मध्यम मार्ग मला योग्य वाटतो. टायरची हवा पाच-दहा पीएसआयने कमी करावी, ब्रेक नेहमीपेक्षा लवकर मारावेत आणि चेनला पावसाळी, जाड तेल घालावे. घरी आल्यावर सायकल साध्या पाण्याने धुऊन, चेन फडक्याने कोरडी करून, तेल घालून ठेवावी. हे दुसऱ्या दिवशीवर ढकलल्यास सकाळपर्यंत चेनवर गंज दिसू लागतो.